तेव्हा ‘एक रुपयाही नको’ म्हटलं, आता पोटगी मागता येईल का?

प्रश्न : मॅडम, मी सिडकोत दोन भाड्याच्या खोल्यांत राहते. वय ५१. चोवीस वर्षांच्या संसारानंतर दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या न्यायालयात आमचा घटस्फोट झाला. केस मुलीच्या वडिलांनी घातली होती. साक्षीच्या दिवशी पोटगीचा विषय निघाला तेव्हा रागाच्या भरात मी म्हणाले, ‘मला यांचा एक रुपयाही नको.’ ते अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत, हातात साधारण ६२,००० रुपये येतात. निफाड तालुक्यात त्यांच्या नावावर तीन एकर द्राक्षबाग होती, ती आता भावाच्या नावावर केली असं कानावर आलंय. त्यांनी दुसरं लग्नही केलं. गोडी छाटणीच्या दिवसांत त्या बागेतल्या मजुरांचा स्वयंपाक इतकी वर्षं मीच रांधला. आता मी चौदा डबे करते. खर्च वजा जाता ११,००० सुटतात, त्यातले ७,००० भाड्यात जातात. मागच्या पावसाळ्यात गुडघा सुजला आणि बारा दिवस डबे बंद ठेवावे लागले. मुलगी २१ वर्षांची, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भाऊ म्हणतो, ‘तू कमावतेस, त्यात नको म्हणून बसलीस, आता काय मिळणार?’ आणि खरं सांगू का, मागायला लाजही वाटते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी लाजेचं बोलू. कायद्याचं त्यानंतर.

छाटणीला पंधरा-वीस माणसं लावली की त्यांची रोजची मजुरी ठरलेली असते आणि ती हातावर पडते. त्याच माणसांसाठी पहाटे उठून भाकऱ्या थापणाऱ्या बाईची मजुरी कुठल्याच वहीत लिहिली जात नाही. ती बागेत मुरते, बँकेतल्या ठेवीत मुरते, नवऱ्याच्या बढतीत मुरते, आणि घटस्फोट झाला की सगळं ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे राहतं. पोटगी म्हणजे दान नव्हे. नाशिकच्या कोर्टात वकिली करताना मला २९ वर्षं झाली. ‘मला काही नको’ हे वाक्य मी कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. त्या सगळ्या मानी होत्या, आणि बहुतेकींना पुढे औषधासाठी भावजयीपुढे हात पसरावा लागला. मुलीच्या वडिलांकडे कायद्याने मागण्यापेक्षा ते कितीतरी अवघड होतं.

आता तुमचा खरा प्रश्न. उशीर झालेला नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २५ मध्ये कायमच्या पोटगीची तरतूद आहे. हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा आदेश, होताना किंवा ‘त्यानंतर कधीही’ अर्ज करता येतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. केस कोणी घातली होती, घटस्फोट कोणाच्या बाजूने मिळाला, एवढ्यावरून हा हक्क बुडत नाही. मात्र दोघांचं वागणं न्यायालय विचारात घेतं. अर्ज ज्या न्यायालयाने घटस्फोट दिला तिथेच करायचा. पहिलं काम म्हणून नक्कल विभागातून निकालपत्राची प्रमाणित प्रत काढा आणि शेवटची दोन पानं नीट वाचून घ्या. पोटगीचा हक्क सोडल्याचा लेखी करार किंवा तसा आदेश त्यात नसेल, तर रागात बोललेलं एक वाक्य तुमच्या वाटेत आडवं पडून राहू शकत नाही. (तुम्ही हिंदू कायद्याखाली येता असं धरून लिहिते आहे, त्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात. नोंदणी विवाह विशेष विवाह कायद्याखाली झालेला असेल तर त्याचं कलम ३७ बघावं लागतं.)

पण आता दिवस दवडू नका. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात पोटगीसाठी देशभर लागू होणारे नियम घालून दिले. पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यायची, हा त्यातला एक. म्हणजे निकाल दोन वर्षांनी लागला तरी मोजणी अर्जाच्या दिवसापासून सुरू होते. अर्जाआधीचे महिने मात्र गेले ते गेले.

भावाला सांगा की ‘कमावतेस म्हणून मिळणार नाही’ हे खरं नाही. तुमची कमाई पोटगीच्या रकमेत धरली जाईल, पण तिच्यामुळे दार बंद होत नाही. लग्न किती वर्षांचं, वय काय, तब्येत कशी, संसारात असताना राहणीमान कसं होतं आणि नवऱ्याची ऐपत किती, हे सगळं बघितलं जातं. भाडं भरल्यावर ४,००० उरतात, गुडघा कधी साथ सोडेल सांगता येत नाही आणि वय ५१. हे स्वतःच्या पायावर उभं राहणं नव्हे, कसंबसं तगून राहणं आहे. त्यांनी दुसरं लग्न केलं म्हणजे खर्च वाढला, असं त्यांचे वकील म्हणतील. न्यायालय ते ऐकेल, पण त्या कारणाने पहिलीची जबाबदारी पुसली जात नाही.

किती मिळेल याचं ठरलेलं कोष्टक नाही. २०१७ मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य ठरवली, तेव्हापासून कोर्टाच्या आवारात तो आकडा नियमासारखा सांगितला जातो. तो नियम नाही, अंदाज बांधायला बरा आहे. ६२,००० वर ते १५,५०० होतात. मागताना त्यात बागेचं उत्पन्न, तुमचा औषधोपचार आणि दरसालची महागाई धरूनच मागा. रक्कम ठरावीक काळाने वाढत जावी, असंही अर्जातच लिहा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटितेला महिना ५०,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ दिली. तुमची रक्कम वेगळी असेल, पण वाढीचं कलम मागायला तो आधार आहे.

बागेचं म्हणाल तर ऐकीव माहितीवर थांबू नका. महाभूमीच्या संकेतस्थळावरून सातबारा काढा, गट नंबर माहीत नसेल तर जुन्या वीजबिलात किंवा सोसायटीच्या कर्जाच्या कागदात सापडेल. त्यावर फेरफार क्रमांक, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीचा क्रमांक, असतो. तो फेरफार काढला की बाग भावाच्या नावावर कोणत्या तारखेला आणि कशी गेली, खरेदीने की बक्षीसपत्राने, ते कळतं. केस चालू असताना पैसे न घेता भावाला जमीन दिलेली असेल, तर तेवढी एक तारीख तुमच्या वकिलाला खूप उपयोगी पडेल. शिवाय २०२० च्या त्याच निकालाप्रमाणे दोघांनाही मालमत्ता, उत्पन्न आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यांना पगार, ठेवी, शेती सगळं लिहावं लागेल. तुम्हीही तुमचे ११,००० प्रामाणिकपणे लिहा, एक रुपया लपवू नका. खोटं शपथपत्र उघडं पडलं की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. चांगल्या केसेस मी अशाच बुडताना पाहिल्या आहेत.

आता दरमहा घ्यायची की एकरकमी? कलम २५ मध्ये दोन्ही बसतात, आणि इथे मी तुम्हाला थोडं अडवणार आहे. समुपदेशकांसमोर किंवा मध्यस्थीत बहुधा एकरकमी आकड्यावर गाडी येते. पाच लाख, सात लाख. डोळ्यांसमोर एवढे पैसे आले की माणूस सही करतो. दिंडोरीकडच्या माझ्या एका पक्षकार बाईने सहा लाख घेतले होते. भावाला ट्रॅक्टरसाठी दिले, चुलत्याला हातउसने दिले, नाही म्हणणं जमलं नाही. दीड वर्षाने ती आली आणि पासबुक उघडून माझ्या टेबलावर ठेवलं. शिल्लक ११,४०० रुपये. बाई काहीच बोलली नाही, नुसतं त्या आकड्यावर बोट ठेवून बसली. एकरकमीच्या कागदावर ‘यापुढे काहीही मागणार नाही’ असं लिहिलेलं असतं. तिच्याही कागदावर होतं.

तेव्हा आधी हिशेब मांडा. महिना १५,००० व्याज सुटायला सात टक्क्यांनी साधारण २५ लाख ७० हजारांची ठेव लागते. समोरून येणारा आकडा त्याच्या जवळपास नसेल, तर दरमहाच बरी. दरमहाची अडचण अशी की माणूस मधेच थांबतो. थांबला तर दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून पगार जप्त करता येतो. एरवी जप्तीतून पगाराचा बराच भाग वाचतो, पण पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश पगाराला संरक्षण आहे. ते पगारदार आहेत ही तुमची जमेची बाजू. शिवाय कलम २५ खाली त्यांच्या स्थावर मालमत्तेवर पोटगीचा बोजा चढवता येतो. त्यांच्या नावावर घर असेल तर हे आवर्जून मागा. नोकरी उद्या संपेल, निवृत्ती येईल. घर जागेवर राहील. परिस्थिती बदलली तर रक्कम वाढवून किंवा कमी करून मागायचा हक्क दोघांनाही आहे, आणि तुम्ही पुन्हा लग्न केलंत तर आदेश बदलू किंवा रद्द होऊ शकतो, हेही ठाऊक असू द्या.

मुलीचं तुमच्या अर्जात कोंबू नका. स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला वडिलांकडून निर्वाह मागायचा हक्क १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात स्वतंत्रपणे आहे, आणि त्यात तिच्या लग्नाचा वाजवी खर्चही धरलेला आहे. ती सज्ञान आहे, तिने स्वतः अर्ज करावा.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. स्त्रियांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, तुमचे डबे त्याच्या आड येत नाहीत. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. पोटगीच्या दाव्यात महाराष्ट्रात १९९४ पासून स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे.

उलटतपासणीत ते वाक्य तुमच्यासमोर येणारच : ‘तुम्ही एक रुपयाही नको म्हणाला होतात, खरं का?’ नाही म्हणू नका, सारवासारवही करू नका. हो म्हणा, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत काय झालं ते मला लिहिलंत तसंच सांगा. डॉक्टरांचे कागद, भाड्याच्या पावत्या आणि डब्यांची वही बरोबर न्या. वही नव्याने उतरवून काढू नका, हळदीचे डाग असले तरी तीच न्या. मागच्या पावसाळ्यातले ते बारा दिवस तिच्यात कोरे असतील. ते पान न्यायाधीशांच्या हातात जाऊ द्या.