हल्ला होऊनही तेलाचा भाव का उतरतो?

प्रश्न : तेल उत्पादक प्रदेशात नुसता तणाव वाढला तरी खनिज तेल महागते, उलट प्रत्यक्ष हल्ला झाल्यावरही काही वेळा भाव थोड्याच दिवसांत उतरतो. मग भाव ठरतो तरी कशावर, आणि जागतिक अर्थव्यवस्थेशी त्याचा संबंध कसा लावायचा?

उत्तर : आजच्या भावात पुढील काही महिन्यांच्या पुरवठ्याचा अंदाज धरलेला असतो. 2023 मध्ये इराण आणि ओमान यांच्यामधील होर्मुझच्या सामुद्रधुनीतून दिवसाला सुमारे 2 कोटी पिंपे, म्हणजे जगाच्या वापराच्या जवळपास एक पंचमांश तेल जात होते. अशा ठिकाणी संघर्षाची चिन्हे दिसली, की पुरवठ्यात खंड पडण्याआधीच टँकरचा युद्धजोखीम विमा आणि मालवाहतुकीचे दर वाढतात, खरेदीदार जादा साठा करू लागतात आणि भाव चढतो.

ही भीती किती टिकेल हे माझ्या मते मुख्यतः एकाच गोष्टीवर अवलंबून असते : गरज पडताच वापरता येईल असा साठा आणि राखीव उत्पादनक्षमता त्या वेळी कोणाच्या हाती आहे. 14 सप्टेंबर 2019 रोजी सौदी अरेबियातील अबकैक येथील तेलप्रक्रिया केंद्रावर हल्ला झाला आणि दिवसाला सुमारे 57 लाख पिंपांचे, म्हणजे जगाच्या पुरवठ्याच्या पाचेक टक्के उत्पादन थांबले. बाजार उघडताच जागतिक भावाचा मापदंड मानल्या जाणाऱ्या ब्रेंट तेलाचा भाव जवळजवळ 20 टक्क्यांनी उसळला. परंतु सौदी अरेबियाने साठ्यातून ग्राहकांना पुरवठा चालू ठेवला, दुरुस्ती लवकर झाली, आणि अमेरिका-चीन व्यापारसंघर्षामुळे मागणीही मंदावलेली असल्याने महिनाअखेरीस भाव जवळपास पूर्वपदावर आला.

1973 मध्ये नेमके याच्या उलट घडले. त्याआधी अनेक दशके टेक्सासमधील नियामक आयोग तेथील विहिरींच्या उत्पादनावर मर्यादा घालत असे, आणि अडचणीच्या वेळी ती सैल करून तूट भरून काढता येई. इस्रायलच्या पाठीराख्या देशांना तेल न विकण्याची अरब देशांची 1967 ची तेलबंदी फसली, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. पुढे मागणी इतकी वाढली की 1972 मध्ये आयोगाने पूर्ण क्षमतेने उत्पादन करण्यास परवानगी दिली. वरवर पाहता हा रुक्ष प्रशासकीय निर्णय होता, पण अमेरिकेकडची राखीव क्षमता संपल्याची ती उघड कबुली होती. त्यामुळे ऑक्टोबर 1973 मध्ये पुन्हा तेलबंदी जाहीर झाली तेव्हा तिचा फटका खोलवर बसला, आणि 3 डॉलरच्या आसपास असलेला पिंपाचा भाव काही महिन्यांत 11 डॉलरच्या पुढे गेला.

नैसर्गिक वायूच्या बाबतीत पर्याय आणखी कमी असतात, कारण वाहिनी एका रात्रीत दुसरीकडे वळवता येत नाही. 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाकडून येणारा वायू आटल्यावर युरोपने जहाजांतून येणारा द्रवरूप वायू वाटेल त्या भावाने उचलला; त्या चढाओढीत पाकिस्तान आणि बांगलादेश मागे पडले आणि तेथे वीज तासन्‌तास खंडित होऊ लागली. ज्या देशांचा त्या युद्धाशी काही संबंध नव्हता त्यांच्यावर हा भार पडला, ही बाब मला सर्वांत अस्वस्थ करते.

अर्थव्यवस्थेकडून उलट दिशेने येणारा परिणाम सावकाश जाणवतो. 1973 नंतर तेल निर्यातदारांकडे जमलेला पैसा पाश्चात्त्य बँकांमार्फत लॅटिन अमेरिकेला कर्जरूपाने मिळाला. 1979 च्या इराणी क्रांतीनंतर तेल पुन्हा भडकले; महागाई आवरण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने व्याजदर 20 टक्क्यांच्या आसपास जाऊ दिले, त्यामुळे ही कर्जे फेडणे जड झाले, आणि ऑगस्ट 1982 मध्ये मेक्सिकोने कर्जफेडीस असमर्थता जाहीर केली, तोही स्वतः तेल निर्यात करणारा देश असताना. दरम्यान महाग तेलामुळे वापर घटला होता आणि उत्तर समुद्रासारख्या नव्या क्षेत्रांतून उत्पादन वाढले होते. शेवटी सौदी अरेबियाने भाव सावरण्यासाठी केलेली उत्पादनकपात सोडून दिली, 1986 मध्ये भाव 10 डॉलरच्या आसपास कोसळला, आणि परकीय चलनासाठी तेल-वायूवर विसंबलेल्या सोव्हिएत संघाची मिळकत ऐन अडचणीच्या काळात आटली.