गायकाचं नाव गीतकाराच्या ओळीत का?

पॉप गायक आणि गीतलेखनाचं श्रेय या विषयावर आलेल्या पत्रांतली पाच या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : मैत्रीण म्हणते, टेलर स्विफ्ट स्वतः काही लिहीत नाही, मागे अख्खी टीम असते. यावरून आमचं चांगलंच वाजलं. खरं काय? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

तू जिंकलीस. हाच टोमणा टेलरला अगदी सुरुवातीपासून ऐकावा लागला. मग २०१० साली तिने ‘स्पीक नाऊ’ हा अल्बम काढला. त्याच्या मूळ आवृत्तीतल्या चौदाच्या चौदा गाण्यांवर तिचं एकटीचं नाव आहे. सुरुवातीची सहलेखिका लिझ रोझ तर म्हणते, मी फक्त संपादक होते; शाळेत दिवसभर जे घडलं त्याचं गाणं ही मुलगी घेऊन यायची. २०२२ मध्ये डेमन अल्बार्न या ब्रिटिश गायकाने पुन्हा तोच सूर लावला. टेलरने जाहीरपणे फटकारल्यावर त्याने माफी मागितली.

मैत्रिणीला एवढं मात्र मान्य कर : मॅक्स मार्टिनसारखा पॉप गाणी रचणारा स्वीडिश उस्ताद शेजारी बसलेला असतो, तेव्हा चालीतली कुठली जागा कुणाची हे बाहेरून सांगता येत नाही.

प्रश्न : गीतरामायणाच्या वेळी गीत गदिमांचं, संगीत बाबूजींचं, हे आम्हाला स्वच्छ ठाऊक असायचं. अमेरिकेत गायक गीतकाराच्या रांगेत घुसले कसे? (निवृत्त शिक्षक, ठाणे)

पैशासाठी. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात : शब्द-चालीची एक, ध्वनिमुद्रणाची दुसरी. (तिकडे शब्द आणि चाल दोन्ही एकाच ‘साँगरायटर’च्या खात्यात जातात, हेही लक्षात घ्या.) अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला. गायकाला छदाम नाही, आजही नाही. मग गायकाच्या मॅनेजरची नजर कुठे जाणार?

१९५६ चं ‘हार्टब्रेक हॉटेल’ मे अ‍ॅक्स्टन आणि टॉमी डर्डन यांनी लिहिलेलं. कागदावर तिसरं नाव आहे ते गाणाऱ्या एल्विस प्रेस्लीचं. त्याच वर्षी ओटिस ब्लॅकवेलच्या ‘डोन्ट बी क्रुएल’वरही एल्विस सहलेखक म्हणून लागला. आपण गाणी लिहीत नाही हे एल्विस स्वतः लपवत नसे. ब्लॅकवेलने हिशेब केला असणार : एल्विस गाणार असेल तर अर्धी भाकरी, नाहीतर पूर्ण भाकरीचं नुसतं चित्र.

स्वतः गाणी लिहिणाऱ्या गायिका डॉली पार्टनने हा हिशेब नाकारला. १९७४ चं तिचं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ एल्विसला गायचं होतं. त्याचा मॅनेजर कर्नल पार्करने अर्धे प्रकाशनहक्क मागितले. डॉली नाही म्हणाली आणि त्या रात्री रडली. पुढे १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं आणि जगभर वाजलं, तेव्हा लेखनाचा वाटा शाबूत होता.

या धंद्यात एक म्हणच आहे : एक शब्द बदला, तिसरा हिस्सा घ्या. याला कंटाळून २०२१ च्या मार्चमध्ये काही गीतकारांनी ‘द पॅक्ट’ नावाचं जाहीर पत्र काढलं, की ज्या गायकाने शब्दाला किंवा चालीला हात लावलेला नाही त्याला लेखनात वाटा देणार नाही. माझं मत विचाराल तर पत्र रास्त आहे. फक्त नवख्या गीतकाराला ते पाळणं परवडत नाही.

प्रश्न : बियॉन्सेच्या एका गाण्याला चोवीस लेखक? लग्नाच्या याद्या करतात की काय? (न्यू जर्सी)

‘एलियन सुपरस्टार’, २०२२. डायान वॉरेन या ज्येष्ठ गीतकार बाईंनी ट्विटरवर हाच प्रश्न विचारला आणि बोलणी खाल्ली. चोवीस जण एका खोलीत बसलेले नसतात. जुन्या गाण्याचा तुकडा घेतला की त्याचे लेखकही यादीत येतात. या गाण्यात ‘आय अ‍ॅम टू सेक्सी’ या १९९१ च्या गाण्याचा धागा आहे, म्हणजे ते रचणारे राइट सेड फ्रेड या बँडचे तिघे आले. हेच तिघे टेलरच्या २०१७ च्या ‘लुक व्हॉट यू मेड मी डू’वरही आहेत. एका जुन्या चालीवर चांगली पेन्शन चालू आहे.

शिवाय कोर्टाची धास्ती. ‘ब्लर्ड लाइन्स’ हे गाणं मार्विन गे या जुन्या गायकाच्या गाण्यावरून उचललं, या खटल्यात २०१५ मध्ये गेच्या वारसांच्या बाजूने निकाल लागला, तेव्हापासून वकील आधीच नावं घालून मोकळे होतात. याच खटल्यात गायक रॉबिन थिकने जबानी दिली, की गाणं जवळजवळ सगळं फॅरेल विल्यम्सनेच केलं, मला फक्त श्रेय हवं होतं. इतकं प्रामाणिक उत्तर द्यायला माणूस शपथेवरच असावा लागतो.

प्रश्न : रिहानाने ‘अंब्रेला’ लिहिलं नाही. मग ती कलाकार म्हणून कमी? (नाशिक)

नाही. लताबाईंना हा प्रश्न कुणी विचारला होता का? आणि त्यांनी चाली बांधल्या तेव्हा ‘साधी माणसं’वर (१९६५) नाव लागलं ते ‘आनंदघन’ हे टोपणनाव.

प्रश्न : मी गायिका आहे. संगीतकाराने फक्त कॉर्ड वाजवले आणि ‘मध्ये काहीतरी भर’ म्हणाला. गाण्यातला अख्खा आलाप माझा आहे. नाव मागू का? (नागपूर)

जरूर मागा. १९७३ च्या जानेवारीतला एक रविवार, लंडनचा अ‍ॅबी रोड स्टुडिओ. पिंक फ्लॉइड या रॉक बँडने क्लेअर टॉरी या गायिकेला बोलावलं. शब्द नाहीत, गायची चाल नाही, फक्त बँडमधल्या रिक रायटचा पियानो. तिने आधी ‘ओ बेबी’ छापाचं काही गाऊन पाहिलं. तसं नको म्हणाले. मग आपला आवाज हेच वाद्य आहे असं धरून ती गायली. रविवार म्हणून दुप्पट दर, ३० पौंड, आणि ती घरी गेली. ते गाणं ‘द ग्रेट गिग इन द स्काय’; नाव काढलं की आधी तिचाच आवाज आठवतो. २००४ मध्ये तिने दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली, आणि रायटच्या शेजारी तिचं नाव लागलं.

तुमच्यासाठी कसोटी साधी आहे. संगीतकाराने जागान् जागा सांगितली असेल तर ते गायन. कॉर्ड देऊन तो बाजूला झाला असेल तर ती रचना. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गायकालाही सादरकर्ता म्हणून रॉयल्टीचा हक्क आहे, पण तो रचनाकाराच्या वाट्याहून वेगळा. त्या दिवशीचं फोनवरचं कच्चं रेकॉर्डिंग असेल तर पुसू नका. आणि संगीतकाराला आजच व्हॉट्सअ‍ॅप करा : ‘सर, आलाप मी बांधलाय, संगीतात माझं नाव कसं द्यायचं?’ मिक्सिंग झालं नसेल तर अजून वेळ आहे.