डॉक्टरांना विचारा : मे महिन्यातलं सेवाकार्य

आमच्या चर्चच्या तरुण संघाची वीस जणांची तुकडी मे महिन्यात सहा दिवस माण तालुक्यातल्या एका गावात जाणार आहे. समतल चर खोदायचे आणि शाळा रंगवायची. मुलं १७ ते २४ वयाची. तयारी कशी करावी? – संघप्रमुख, खडकी

तयारी पुण्यातच सुरू करा, तीही आजपासून. शरीराला उन्हाची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटतो, घामावाटे मीठ कमी जातं आणि छातीची धडधड कमी होते. दिवसभर एसीत बसणाऱ्या पोराला हे एका रात्रीत साधत नाही. संध्याकाळी पाचला पर्वती नाहीतर तळजाई गाठा आणि रोज तासभर चांगला घाम काढा.

गावात पोचल्यावरही पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच काम करा आणि रोज तेवढंच वाढवा. मुलं कुरकुरतील. सगळ्यात उत्साही मुलावर सगळ्यात जास्त नजर ठेवा, कारण तो थांबत नाही.

वेळ गावकऱ्यांना विचारून ठरवा. ते सकाळी सहाला टिकाव हातात घेतात आणि दहाच्या आत घरी असतात. भर दुपारी चरात उभी दिसणारी माणसं हमखास शहरातून आलेली! रंगकाम सावलीत म्हणून दुपारी ठेवाल, तर आधी छप्पर बघा. पत्र्याखालची खोली म्हणजे भट्टीच.

मुलगी ओआरएसच्या पुड्या नेणार आहे. रोज किती घ्याव्यात? – एक आई, कोथरूड

पुड्या मोजू नका, पाण्याकडे लक्ष द्या. काम चालू असताना दर १५-२० मिनिटांनी एक पेला पाणी. मात्र तासाला दीड लिटरच्या वर नको, रक्तातलं मीठ पातळ होतं. जेवण नीट असेल तर मीठ घातलेलं ताक आणि पन्हं पुष्कळ. फार घाम गेला, जुलाब झाले, तर ओआरएस द्या. लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच विरघळवा, अर्ध्या बाटलीत नको. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा).

शौचालय लांब असतं, म्हणून आम्ही मुली पाणीच कमी पितो. – एक स्वयंसेविका, हडपसर

हे पत्र प्रत्येक संघप्रमुखानं वाचावं. पोरी बोलत नाहीत, मग दुपारी डोकं धरून बसतात आणि परत आल्यावर लघवीला जळजळ होते म्हणून दवाखान्यात येतात. कामाची जागा ठरवण्याआधी जवळच्या घरातलं शौचालय मागून घ्या. गावातल्या मावशी कधी नाही म्हणत नाहीत, विचारणारा हवा. आणि तू लघवीचा रंग बघत जा. गडद पिवळा दिसला की पाणी कमी पडतंय.

मागच्या वर्षी एक मुलगा काम करता करता बरळायला लागला. अंग घामानं भिजलेलं होतं, म्हणून आम्ही उष्माघात समजलो नाही. – शिबिरप्रमुख, सिंहगड रस्ता

हा गैरसमज फार जणांचा आहे. कष्टाचं काम करताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. चक्कर, मळमळ, थकवा असेल, पण माणूस नीट बोलत असेल, तर सावलीत झोपवा, पाय उंच करा, घोट घोट पाणी द्या. बोलणं भरकटलं की मामला वेगळा. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. १०८ला फोन लावा आणि गाडीची वाट न बघता अंगावर बादल्या ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ किंवा गार ओली फडकी ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. नाकाला कांदा लावण्यातही वेळ घालवू नका.

तुकडीसाठी काळे पॉलिस्टरचे टी-शर्ट छापलेत. चालतील? – कॅम्प

संध्याकाळच्या प्रार्थनेला घाला. खोदायला बाबांचा जुना सुती सदरा न्या, पूर्ण बाह्यांचा.