ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नव्याने आलेल्या ज्युनिअरला

टाके घालायला तुला वेळ लागतो म्हणून दिवसाच्या ऑपरेशनांची लिस्ट लांबते, असं मनाला लावून घेऊ नकोस. हात हळूहळूच बसतो. माझ्या पहिल्या हर्नियाला सरांच्या दुप्पट वेळ लागला होता. खरा वेळ जातो तो चिरा देण्याआधी. पहिली केस तासभर उशिरा लागली की पुढची सगळी लिस्ट घसरते आणि शेवटचा पेशंट दिवसभर उपाशी राहून वॉर्डात परत जातो.

म्हणून आदल्या संध्याकाळीच फाइल उघड. भुलीची फिटनेस (पेशंट भूल द्यायला योग्य असल्याचा शेरा), संमतीपत्रावरची सही, रक्ताची सोय, कोणत्या बाजूचं ऑपरेशन त्याची खूण. पेशंटला स्वतः जाऊन सांग: जेवण ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत (तरी तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारून घे). नुसतं ‘उपाशी राहा’ म्हटलंस तर सकाळी चहा-बिस्किट होतंच. चहा म्हणजे खाणं नव्हे, ही आपल्याकडची पक्की समजूत!

अँटिबायोटिक चिऱ्याआधीच्या ६० मिनिटांत, वॉर्डात भल्या पहाटे नव्हे.

सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन) लागणार असेल तर इन्चार्ज सिस्टरना आदल्या दिवशीच कळव. आणि ट्रॉली आणणाऱ्या मामांशी गोडीत राहा. ते आले नाहीत तर प्रोफेसरसुद्धा हात धुऊन नुसते उभे असतात.