जुन्या २६ इंची माउंटन बाईकला १२० मिलिमीटरचा फोर्क चालेल का?

आपल्या २००६ सालच्या सायकलीचा ८० मिलिमीटर ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा) फोर्क, अर्थात पुढचे चाक धरणारा चिमटा, तेल गाळू लागला असून त्या जागी १२० चा घालावा का, असे आपण विचारले आहे. घालू नये. हीच चूक मी पदरचे पैसे मोजून केलेली आहे.

माझी सायकलही त्याच पिढीतली. यंत्रात जे मोठे तेच चांगले असे मानणाऱ्या आमच्या मेव्हण्यांच्या आग्रहावरून मी १२० चा फोर्क मागवला. दुकानदार म्हणाला, "बसतोय, साहेब," आणि तो बसलाही, कारण दोन्हींची स्टिअरर नळी (फोर्कची फ्रेममध्ये शिरणारी वरची नळी) सरळ, २८.६ मिलिमीटर व्यासाची होती. मात्र नव्या फोर्कला व्ही-ब्रेकच्या (रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या) खुंट्याच नव्हत्या, आणि डिस्क ब्रेक लावावा तर चाकाच्या जुन्या हबवर रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, बसवण्याची सोय नव्हती. म्हणजे पुढचे चाकही नवे घेणे आले. तेही घेतले. त्यानंतर सिंहगडाच्या चढावर पुढचे चाक रेषेत राहीना आणि वळणावर हँडल आळसावल्यासारखे वागू लागले, कारण चाकाच्या आसापासून क्राउनपर्यंतची, म्हणजे फोर्कच्या वरच्या जोडापर्यंतची, लांबी ४५० वरून ४९० मिलिमीटर झाली होती. दर २० मिलिमीटरला हेड अँगल (हँडलखालच्या हेड ट्यूब या फ्रेमच्या नळीचा कोन) साधारण एक अंशाने कलतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि मेव्हण्यांना आजही मान्य नाही. शिवाय लांब फोर्क तरफेसारखा हेड ट्यूबच्या जोडावर ताण आणतो तो वेगळाच.

शेवटी मी व्ही-ब्रेकच्या खुंट्या असलेला पोलादी रिजिड, म्हणजे न दबणारा, फोर्क घातला. त्याची लांबी मुद्दाम ४३० घेतली, कारण माणूस बसल्यावर ८० चा फोर्क सुमारे २० मिलिमीटर दबलेलाच असतो. जुने चाक पुन्हा कामी आले. मेव्हणे तिला दूधवाल्याची सायकल म्हणतात. गेल्या दिवाळीत त्याच घाटात ते माझ्या बऱ्याच मागून वर पोहोचले, हेही येथे नोंदवून ठेवतो.

तेव्हा ट्रॅव्हलचा आकडा बाजूला ठेवून आधी आसापासून क्राउनपर्यंतची लांबी मोजावी. खाली दीड इंच व्यासापर्यंत रुंदावणाऱ्या टेपर्ड स्टिअरर नळीचे फोर्क पाहण्यात वेळ घालवू नये. त्या काळच्या सरळ हेड ट्यूबमध्ये ते जात नाहीत. अर्थात आपण खडकाळ पायवाटांवर जात असाल तर रिजिड फोर्क मनगटे दुखवील. मग ८० चाच घ्यावा, आणि फ्रेमच्या माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तरच १०० चा. वापरलेला घेताना स्टिअरर नळी आधीच कापलेली असते, म्हणून पैसे देण्यापूर्वी तिची लांबी आपल्या जुन्या नळीशी ताडून पाहावी.