इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातील बॉयलर बंद पडल्यास दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा?

लेस्टरमधील आपल्या भाड्याच्या घरातला गॅस बॉयलर ऐन जानेवारीत बंद पडला आहे आणि घरमालक करारातील एका अटीकडे बोट दाखवून दुरुस्तीचा खर्च आपल्यावर टाकत आहेत, तर तो नेमका कोणाचा, असे आपण विचारले आहे. खर्च घरमालकाचाच आहे. इंग्लंडमधील १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात घर उबदार ठेवणारी आणि पाणी तापवणारी यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. ते भाडेकरूच्या गळ्यात घालणाऱ्या अटीखाली आपली सही असली, तरी न्यायालयाच्या संमतीवाचून ती अट टिकत नाही.

मात्र बिघाड कळेपर्यंत घरमालकाची दुरुस्तीची जबाबदारी सुरू होत नाही, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. तोंडी सांगितलेलेही कायद्याला चालते, पण पुढे वाद झाल्यास त्याचा पुरावा कुठून आणणार? मी रेडिंगमध्ये राहत असताना एजंटच्या कार्यालयात तीनदा फोन केला. प्रत्येक वेळी फोन घेणारी व्यक्ती निराळी आणि आधीच्या तक्रारीची नोंद कुठेच नाही. शेवटी ईमेल पाठवला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी इंजिनिअर दारात हजर झाला. दुरुस्ती किती दिवसांत व्हावी याचा आकडा या कलमात नाही, ती 'वाजवी वेळेत' व्हावी लागते. कडाक्याची थंडी असेल आणि घरात तान्हे मूल किंवा वृद्ध असतील, तर ही वेळ साहजिकच फार कमी धरली जाते.

तक्रार करण्याआधी आपल्या बाजूच्या गोष्टी तपासून घ्याव्यात. प्रीपेड मीटरमधले पैसे संपले आहेत का, बॉयलरचा दाब थंड असताना साधारण १ ते १.५ बारच्या खाली गेला आहे का, आणि बाहेरच्या भिंतीवरून जाणारी बॉयलरची सांडपाण्याची बारीक नळी गोठली आहे का, हे पाहावे. गोठलेल्या नळीवर कोमट पाणी ओतावे, उकळते नव्हे. रेडिएटरमधली हवा काढणेही सहसा भाडेकरूच करतो. १९५३ च्या एका खटल्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी भाडेकरूची किरकोळ कामे सांगताना, हिवाळ्यात बाहेरगावी जायचे असल्यास पाणी बंद करून बॉयलर रिकामा करावा, असे म्हटले होते. डिसेंबरात लग्नांसाठी तीन आठवडे भारतात जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावे. हल्लीच्या बॉयलरबाबत, निघण्यापूर्वी काय करायचे ते घरमालकाला विचारून घेतलेले बरे.

गॅसवर चालणाऱ्या उपकरणांची वर्षातून एकदा 'गॅस सेफ' या गॅस-कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या इंजिनिअरकडून तपासणी करून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे, आणि तिच्या दाखल्याची प्रत २८ दिवसांत भाडेकरूला द्यावी लागते. ही तपासणी म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे, हे अनेक घरमालक सोयीस्करपणे विसरतात. पाहणीसाठी यायचे असल्यास त्यांनी २४ तास आधी लेखी कळवावे, आणि तसे कळवल्यावर आपण अडवू नये.

आपल्याकडे गीझर बिघडला की आपणच माणूस बोलावतो आणि खर्च भाड्यातून वळता करतो. तिथे ही सवय महागात पडू शकते. तशी वजावट काही अटींवर न्यायालये मान्य करतात, पण पूर्वसूचना आणि दरपत्रके यांचा क्रम चुकला, तर आपल्या नावावर थकबाकी दिसते आणि घर सोडण्याची पाळी येऊ शकते. भाडे थांबवणे तर मुळीच करू नये. घरमालक दाद देत नसतील, तर स्थानिक काउन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य विभागाकडे जावे. २००४ च्या गृहनिर्माण कायद्याखाली घरातील अतिथंडी हा आरोग्याचा धोका मानला जातो आणि काउन्सिल घरमालकाला सुधारणेची नोटीस बजावू शकते.

घरमालकाच्याच घरात एखादी खोली घेऊन राहणाऱ्यांना ११ वे कलम सहसा लागू होत नाही, आणि स्कॉटलंड व वेल्सचे कायदे वेगळे आहेत. आपले घर स्वतंत्र असेल, तर आज रात्रीच ईमेल लिहा: बॉयलर कोणत्या तारखेला बंद पडला, पडद्यावर कोणता एरर कोड दिसतो, खोलीचे तापमान किती आहे, घरात कोण कोण राहते. सोबत थर्मामीटरचा फोटो जोडा.