संगणक-शंका : जुनं लिबएसएसएल कुठून आणू?

प्रश्न : नमस्कार ताई. माझं यंत्रमागाचं छोटं युनिट आहे. सुताची खरेदी आणि बिलं यांचं सॉफ्टवेअर ओळखीच्या प्रोग्रामरनं बनवून दिलंय, नुसतं फोल्डर कॉपी करून. संगणकावरची उबुंटू ही लिनक्स प्रणाली २०.०४ वरून २२.०४ वर नेली आणि ते उघडेनाच. 'लिबएसएसएल.एसओ.१.१' सापडत नाही, असं येतं. मुलगा म्हणतो, ३ क्रमांकाची फाइल आहे, तिलाच १.१ नावाची लिंक करू. करावी का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नको, लिंक करू नका. लिबएसएसएल ही ओपनएसएसएल प्रकल्पाची लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात असा तयार कोड; नेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणं हे तिचं काम. लिंक म्हणजे फाइलला दिलेलं नुसतं दुसरं नाव. दुकानाची पाटी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही. 'एसओ'पुढचा आकडा लायब्ररी लिहिणाऱ्यानं दिलेला शब्द असतो : हा आकडा तोच आहे तोवर जुने प्रोग्राम चालतील. ओपनएसएसएल १.१.१ नंतर ३.० आलं, तेव्हा तो शब्द संपला, म्हणून आकडा बदलला. तुम्ही लिंक केलीत, तर 'ओपनएसएसएल_१_१_० ही आवृत्ती नाही' असं सांगून प्रोग्राम तिथंच थांबेल. हे त्यातल्या त्यात बरं.

थांबला नाही तर काय होतं, ते मी भोगलंय. एका छापखान्यात लिबजेपेग ही फोटो उघडणारी लायब्ररी ६२ क्रमांकाची मागणाऱ्या प्रोग्रामला मी ८ ची लिंक करून दिली. प्रोग्राम उघडला, मेनू दिसले, मी संध्याकाळी निश्चिंत घरी गेले. सकाळी ऑपरेटरनं लग्नपत्रिकेसाठी पहिला फोटो उघडला आणि प्रोग्राम बंद पडला. पडद्यावर एकच ओळ : लायब्ररी ८० (म्हणजे ८), मागणारा ६२. लायब्ररीनं स्वतःच तपासणी ठेवली होती म्हणून निदान कारण तरी कळलं. त्या दिवशीचं काम खोळंबलं ते माझ्यामुळं.

आता तुमचं १.१ गेलं कुठं? अपग्रेड संपताना 'नको असलेली पॅकेजं काढू का?' असं विचारलं जातं. तुमचं सॉफ्टवेअर पॅकेज म्हणून बसवलेलंच नव्हतं, त्यामुळं १.१ कुणाला लागतं याची नोंद एपीटीकडं, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाकडं, नव्हती. कुणालाच नको म्हणून ते काढलं गेलं. खरी चूक इथं आहे. प्रोग्रामरला दोन गोष्टी सांगा. एक, २२.०४ वर पुन्हा कंपाइल करा, म्हणजे मूळ कोडवरून प्रोग्राम नव्यानं तयार करा. साधा वापर असेल तर बहुतेक वेळा इशारे येतात, पण काम होतं. दुसरी, डेब पॅकेज, म्हणजे उबुंटूची बसवायची फाइल, करून द्या. डीपीकेजी-श्लिबडेप्स हे साधन प्रोग्रामच्या पोटात डोकावून कुठली लायब्ररी लागते ते स्वतःच लिहून काढतं. हातानं यादी करायला लागत नाही.

तोवर बिलं अडतील, तर २०.०४ चा कंटेनर (त्याच मशीनवरचा जुन्या प्रणालीचा वेगळा कप्पा) करून त्यात सॉफ्टवेअर चालवा, आणि त्याला इंटरनेट देऊ नका. कुठल्या तरी साइटवरून १.१ चं डेब उतरवून सगळ्या मशीनवर बसवू नका. ओपनएसएसएल प्रकल्पानं १.१.१ च्या मोफत दुरुस्त्या ११ सप्टेंबर २०२३ ला थांबवल्या. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाची सुरक्षेची मोठी चूक निघाली, तेव्हा सामायिक लायब्ररीचं मोल मी डोळ्यांनी पाहिलं : एक पॅकेज बदललं, सेवा पुन्हा सुरू केल्या, त्यावर चालणारे सगळे प्रोग्राम दुरुस्त. ज्यांनी आपली वेगळी प्रत पोटात घेतली होती, ते एकेक शोधत बसावं लागलं.

प्रश्न : उबुंटू २४.०४ वर 'लिबएसएसएल३टी६४' दिसतं. हे कुठलं नवं ओपनएसएसएल?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : नवं नाही, फक्त पॅकेजचं नाव बदललंय. ३२ बिटांत मोजलेली वेळ १९ जानेवारी २०३८ ला संपते. म्हणून ३२ बिटांच्या आर्म (प्रोसेसरचा एक प्रकार) मशीनवर वेळ ६४ बिटांची केली. वेळ हाताळणाऱ्या लायब्ररींचं आतलं माप त्यामुळं बदललं. जुना प्रोग्राम चुकून नव्या मापाशी जोडला जाऊ नये म्हणून पॅकेजच्या नावात टी६४ घातलं. नाव सगळ्या मशीनवर सारखं ठेवलंय, म्हणून तुझ्या ६४ बिटांच्या लॅपटॉपवरही ते दिसतं. तिथं आत फाइल 'लिबएसएसएल.एसओ.३' हीच आहे. 'dpkg -L' (मोठा एल) पुढं पॅकेजचं नाव देऊन बघ, यादीत सापडेल.